मऊ रबर

३ मार्च

संपलं! डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं — ‘‘काका, आजपासून गाडी चालवायची नाही. चष्म्याने भागणारं नाही हे.’’ मी शहाण्यासारखं ‘बरं’ म्हणालो. घरी येऊन गॅरेजात लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. दोन सीटची, बुटकी, सुरू केली की शेजाऱ्यांची झोप मोडणारी. आयुष्यात केलेली एकमेव चैन. अख्ख्या गल्लीत तोड नाही!

बायकोला सांगितलं नाही. डोळ्यांत घालायला थेंब दिलेत, एवढंच म्हणालो.

४ मार्च

विकायची. नुसती उभी ठेवली तर टायरना भेगा पडतील. तिचे हाल मला बघवणार नाहीत. (बघवणार नाहीत म्हणे! बघायला डोळे कुठायत?)

६ मार्च

गिऱ्हाईक मिळालं. फोनवर विचारतो, ‘‘टायर कसे आहेत?’’ मला विचारतो! दर आठवड्याला, गाडी थंड असताना हवा मोजणारा माणूस आहे मी. खाचांत अडकलेले खडे एकेक करून काढतो. चाकांची अलाइनमेंट कधी बिघडू दिली नाही. बायको म्हणायची, ‘‘माझ्या टाचांच्या भेगांकडे इतकं लक्ष दिलं नाहीत कधी.’’

तरी नवे टायर घालूनच देणार. माझ्या घरातून गाडी अनवाणी जाणार नाही!

८ मार्च

टायरवाल्याला घरीच बोलावलं. त्याचं म्हणणं — कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं, पण वळणावर पकड बेताची. मऊ रबर रस्ता घट्ट धरून ठेवतं, पण भराभर झिजतं. ‘‘विकायचीच आहे तर कडक घाला.’’ घाल म्हटलं.

मग पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि एकदम, ‘‘वा काका! या वयात?’’

‘‘काय झालं?’’

‘‘बाहेरच्या कडा बघा, दोन्हीकडे सारख्याच घासल्यात. घाटातली वळणं झोकात घेतल्याशिवाय अशी झीज होत नाही. आणि कुठे चपटा डाग नाही, म्हणजे घाबरून ब्रेक दाबलेला नाही. मानलं बुवा!’’

छाती फुगली माझी. म्हटलं, ‘‘मग! हात कुणाचा आहे!’’

संध्याकाळी —

चैन पडत नाही. खोटं कशाला लिहू? वर्षभर मी घाटात गेलेलोच नाही. समोरचं धूसर दिसायचं, म्हणून बाजारापर्यंत गोगलगायीसारखा जायचो नि यायचो. आता खाली बसून कड बोटांनी चाचपली. खरंच गुळगुळीत! एवढी हवा मोजली आणि हे दिसलं नाही.

मग घाटात गेलं कोण? दर मंगळवारी मी बसने बुद्धिबळ खेळायला जातो. घरी उरतं कोण?

९ मार्च

विचारलं. ही भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘मीच.’’

‘‘माझी गाडी?’’

‘‘मग काय शेजाऱ्यांची नेऊ?’’

‘‘अगं, क्लच केवढा जड आहे तिचा!’’

‘‘आहे ना. सुरुवातीला मांडी भरून यायची. आपल्या त्या जुन्या छोट्या गाडीत इतकी वर्षं पीठ-मीठ वाहिलं, ही जरा तिखट निघाली.’’

कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणे, ‘‘लहर आली.’’ आणि हसते आहे बया!

राग यायला हवा होता. आलाच नाही. घाटातली वळणं, दोन्ही कडा सारख्या, एक डाग नाही — आणि ही माझी बायको! गल्लीत उभं राहून ओरडून सांगावंसं वाटलं.

१० मार्च

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. टायरवाल्याला फोन — कडक नको, मऊ घाल.

‘‘काका, लवकर झिजतील हो.’’

‘‘झिजू देत! चालवणारी तशी आहे.’’

१४ मार्च

टायर बसले. डोळ्यांत थेंब घातलेत, तूच चालव म्हटलं आणि शेजारच्या सीटवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा! नव्या टायरबद्दल बजावायला तोंड उघडलं, तोवर तीच — ‘‘आधी जपून नेते. नव्या रबरावरचा निसरडा थर घासून जाऊ दे, मग बघा.’’

तरी पहिल्याच वळणावर माझा पाय आपोआप दाबला गेला. ‘‘अहो, तिकडे ब्रेक नाहीये,’’ म्हणाली. गाडी काय वळली! इतकी सुरेख मलाही कधी वळवता आली नव्हती. हे लिहिताना जरासुद्धा कमीपणा वाटत नाही.

१५ मार्च

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आज हिला सांगून टाकलं. म्हणाली, ‘‘माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतलात ना, त्याच मंगळवारी मी किल्ली उचलली. तुमची गाडी घरातून जायला नको म्हणून.’’