पाठीमागून ‘चुकलं’ म्हणायचं काम

केदारखेडा, २० फेब्रुवारी २००३

रा. रा. रामकिसन मेव्हणे, मुक्काम शहागड, यांस दाजी काकासाहेबाचा रामराम.

तुमचा गुडघा कसा काय हाये? इकडं मी बिलकुल ठणठणीत. झाली विचारपूस, आता कामाचं.

मागच्या महिन्यात पुण्याला गेल्तो. तुमच्या भाच्यानं, धर्मराजनं, एक रोज त्याच्या कंप्युटरच्या हाफिसात नेलं. सकाळी समदे गोल करून उभे. बसायचं न्हाई (बसला की माणूस लांबण लावतो, हे मला पटलं). काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं, एवढंच बोलायचं आन् जल्दी कामाला. काम बी तुकड्या-तुकड्यानं. तुकडा झाला की गिऱ्हाइकाला दाखवायचा, त्यानं नाक मुरडलं की लगेच दुरुस्त. उद्या लागंल म्हणून आज फालतू नक्षी काढायची न्हाई. पण एका कंप्युटरवर माणसं दोन! एक बडवतो, दुसरा पाठीमागून ‘चुकलं’ म्हणतो. मी म्हणलं, ह्या दुसऱ्याला बी पगार? धर्मराज म्हणला, “बराबरीचा, आबा.” रामकिसन, तुमची अक्का चाळीस वर्षं माझ्या पाठीमागं उभी राहून ‘खिळा वाकडा चाललाय’ म्हणायची, आन् मी खेकसायचो. तिला जाऊन आता वरीस होईल. तिकडं त्याच कामाचा पगार देऊन राह्यलेत.

घरी आलो, मंग गोठ्याचं दार त्याच रीतीनं करायला घेतलं. रोज सकाळी अंगणात उभं राहून काल काय, आज काय, सांगून राह्यलो. ऐकायला म्हैस. (तिचं कुठं काही अडलेलं न्हाई.) पहिल्या रोजी चौकट, दुसऱ्या रोजी फळ्या, तिसऱ्या रोजी कडी. दर तुकडा म्हशीला दाखवला, तिनं नाक मुरडलं न्हाई. दार एक नंबर झालं. कोणाची गरज पडली न्हाई. तुम्ही माझ्यासाठी यायची तसदी घेऊ नये.

तुमचा,
काकासाहेब

ता. क. कडी आतून बसली. म्हशीला कोंडायचं तर मला बी आत राहावं लागतं. चार रोजापासून तसंच करून राह्यलो.

आणखी ता. क. कडी काढून भाईरून बसवायला पाव घंटा लागतो. पण आता एकट्यानं हात लावायचा न्हाई, असं ठरवलंय. तर शनिवारच्या गाडीनं यावं. हत्यार काही आणू नका. गुडघ्यासाठी खुर्ची टाकतो. निसतं पाठीमागं बसून ‘चुकलं’ म्हणायचं. तुमच्या घराण्यात ते समद्यांलाच जमतं.

मी खेकसणार न्हाई.