चांदभाई म्हणाला, तब्येत झाली

लिलाबाई,

सकाळच्या बसने वाशीमला डॉक्टरकडे चाललो आहे. शोधू नको, पळून जाण्याइतका वेग आता माझ्यात राहिलेला नाही.

घबराटीच्या गोळ्यांनी सहा महिन्यांत माझं वजन अकरा किलो वाढवलं. मागच्या आठवड्यात चांदभाई भर बाजारात म्हणाला, "काय तब्येत झाली हो तुमची, पुंजाजी!" आपल्याकडे माणूस फुगला की त्याची तब्येत झाली म्हणतात. मी आभार मानले. जन्मभर तमाशात सोंगं काढून लोकांची टर उडवून पोट भरलं, आता पोटच माझी टर उडवून राह्यलं.

खरं सांगतो, त्या दिवसापासून मी गोळी गिळलीच नाही. तू "घेतली का जी?" विचारायचीस, मी गालात धरून मान हलवायचो आणि जास्वंदीच्या कुंडीत थुंकायचो. जास्वंद एकदम शांत आहे. माझी छाती मात्र पुन्हा धडधडते, आणि काल चहाची बशी का फुटली, हे तुला आता कळलंच असेल.

डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. गोळी बदलून द्या म्हणेन, बंद करा म्हणणार नाही. नाहीच बदलली, तर हीच तुझ्यासमोर गिळेन आणि जीभ काढून दाखवेन.

दुपारी दोनच भाकरी झाकून ठेव. तिसरी मागितली तरी देऊ नको.

माझ्या पँटी तू दोनदा गुपचूप उसवून सैल केल्यास, ते मले माहीत आहे. तिसऱ्यांदा माझ्यासमोर बसून कर. सुईत दोरा मी ओवून देईन, हात थरथरायचे थांबले की.

पुंजाजी