एकदा तरी मोठा फोटो

१२ नोव्हेंबर
सुंदरराव काकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पाटोद्याच्या चौकात लागला. बघून आलो. मधोमध काका. शेजारी हात जोडून चुलतभाऊ विजयसिंह. मी खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, पोस्टाच्या तिकिटाएवढा. फ्रेमचा खिळा बरोब्बर माझ्या कपाळात. नावाखाली 'युवा नेते'. वय एक्केचाळीस.

काकांना तोंडावर विचारलं, पंचायत समितीचं तिकीट यंदा मला का विजयसिंहला? काका म्हणाले, अभिमन्यू, तू आजवर केलंस काय? काय तरी करून दाखव बे, मग बघू.

दाखवणारच. मुंबईची मॅरेथॉन पळणार. बेचाळीस किलोमीटर. म्हणजे पाटोद्याहून निघायचं अन् बीडच्या अलीकडेच थांबायचं. त्यात काय एवढं!

१३ नोव्हेंबर, पहाटे
अलार्म वाजला. थंडी लई. थंडीत स्नायू आखडतात, म्हणून विचारपूर्वक परत झोपलो.

शिवकन्येला प्लॅन सांगितला. बायको असून म्हणते, पळायचं कावून? म्हटलं, तिकिटासाठी. म्हणाली, मग एस्टीत बसा, कंडक्टर देतो. चकलांब्याचं माहेर, तिथली माणसं अशीच बोलतात. दुर्लक्ष केलं.

१९ नोव्हेंबर
आज प्रत्यक्ष सुरुवात. पांढरे बूट, नवा ट्रॅकसूट. वेशीपर्यंत झकास पळालो. जानकीबाई दारात सडा टाकत होत्या. त्यांनीच घाबरून मला विचारलं, कोण वारलं?

पुढं बजरंगने मोटरसायकल थांबवली. बसा मालक, सोडतो. म्हटलं, व्यायाम चालू आहे. तर चेहरा पाडून म्हणतो, गरिबाच्या गाडीवर बसाय लाज वाटती व्हय? बजरंगच्या घरात भरपूर मतं. मतदाराला नाही म्हणायचं नसतं, हा आमच्या घराण्याचा नियम. बसलो. चहा पण झाला.

२ डिसेंबर
सराव रोज चालू. लिफ्ट पण रोज. आज अर्जुनरावांचा ट्रॅक्टर होता.

त्याच रस्त्यावर सटवा मेंढपाळाची मोहिनी दिसते. पाय लहानपणापासून अधू. शर्यतीच्या तीनचाकी खुर्चीत पुढं वाकून दोन्ही हातांनी चाकं हाणत सुसाट जाते. ती पण मुंबईलाच चालली, व्हीलचेअरच्या शर्यतीला. ट्रॅक्टरवरून मार्गदर्शन केलं, श्वास नाकाने घ्यायचा. ती म्हणाली, दादा, ट्रॅक्टरवर बसल्यावर तुमी कोणत्या नाकानं घेता? अन् हसत पुढं निघून गेली. ट्रॅक्टरच्या पुढं!

पोरीत जिद्द आहे. आमदार झाल्यावर तिच्यासाठी काहीतरी करू.

१० डिसेंबर
महत्त्वाचा शोध. मॅरेथॉनमध्ये 'एलिट' म्हणून वेगळा गट असतो. डिक्शनरीत पाहिलं. प्रतिष्ठित, निवडक लोक. म्हणजे सरळ सरळ मान्यवर! आमच्या घराण्यात तीन पिढ्या मान्यवर. एलिट सगळ्यांच्या पुढून निघतात, असंही वाचलं. बरोबरच आहे. मान्यवरांनी मागं उभं राहायचं का? आयोजकांना ईमेल टाकला. काकांच्या लेटरहेडचा फोटो जोडला.

२४ डिसेंबर
उत्तर आलं. एलिटबद्दल एक शब्द नाही. बेचाळीसला आधीच्या शर्यतीचं टायमिंग लागतं म्हणे. दहा किलोमीटर मिळाले. गावाला सांगितलेलं नाही. पळणं ते पळणं.

फ्लेक्सवाल्या अंगदकडे माझा फ्लेक्स छापायला टाकला. वीस बाय दहा. 'मुंबई मॅरेथॉन गाजवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मधोमध मी. विजयसिंह शुभेच्छुकांत, रांगेत शेवटी. खिळा कुठं यायला पाहिजे, ते अंगदला बोट ठेवून दाखवलं. अंगद म्हणाला, दादा, आधी पळून तर या. निगेटिव्ह माणूस.

८ जानेवारी
इथं तरी खरं लिहितो. अजून वेशीच्या पुढं सलग पळालेलो नाही. छाती नुसती धडधडते. विजयसिंहने गावोगाव बैठका चालू केल्यात. आज नारायणगडावर जाऊन आलो, नवस बोललो.

येताना वडील आठवले. ते गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर पण काका मोठे अन् वडील लहान. मी खाली, शोकाकुलांत. स्वतःच्या बापाला! देवा, एकदाच. एकदा तरी मोठा फोटो लागू दे. मग परत काही मागणार नाही.

१८ जानेवारी, रविवार, मुंबई, दुपार
क्रमाने लिहितो.

फेटा बांधून थेट एलिटच्या गेटवर गेलो. आत उभी असलेली माणसं वाळल्या उसासारखी. बरीचशी परदेशी. एवढे मोठे मान्यवर अन् इतके हाडकुळे कसे, समजेना. गेटवरची मुलगी म्हणाली, सर, हा फक्त एलिटसाठी आहे. म्हटलं, तेच सांगतोय. तिने माझ्या पोटाकडं पाहिलं अन् लांबचं गेट दाखवलं. शिकलेल्या मुली, पण माणूस ओळखता येत नाही.

मग आमची दहा किलोमीटरची सुटली. माणसंच माणसं. पहिला किलोमीटर जिवावर उदार होऊन पळालो. दुसऱ्याला पोटात कळ. तिसऱ्याला फेटा सुटून पायात आला. पुढं चालतच होतो, शेजारून एक आजी गप्पा मारत पुढं गेल्या. डोळ्यांपुढं तो वीस बाय दहा दिसत होता. रडू आलं. खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात मागून एक बस आली. एसी. हळूच शेजारी थांबली. एक जण अदबीने खाली उतरला. म्हणाला, सर, बसा, फिनिशला सोडतो. ईमेल पोहोचला तर! लेटरहेडला वजन असतंच. नाही म्हणणं आपल्या रक्तात नाही. बसलो. आतल्या सगळ्यांना नमस्कार केला. कुणी हात जोडले नाहीत. सगळे मान खाली घालून बसलेले. माझ्या छातीवरचा नंबर काढून घेतला. म्हटलं, आठवण म्हणून ठेवत असतील.

फिनिशजवळ खिडकीतून मोहिनी दिसली. तिची शर्यत झालेली. गळ्यात मेडल. दुसरी आली म्हणे. सटवाने मेंढरं हाकतात तशी कर्कश शीळ घातली, अख्खा मुंबईचा रस्ता वळून बघाय लागला. मोहिनी हसत होती अन् हुंदके देऊन रडत पण होती. तळहात सोललेले. मी मेडल मागायला गेलो तर काउंटरवाला म्हणाला, सर, तुम्ही बसने आलात.

ती मागं पडलेल्यांना उचलणारी बस होती. तिच्यात बसलं की शर्यतीतून बाद. असं बोर्डवर लिहायला नको का, मराठीत?

२० जानेवारी
काकांकडे गेलो. म्हटलं, मेडल थोडक्यात हुकलं. त्यांना बसचं आधीच कळलेलं. काका म्हणाले, पळाय गेलास अन् तिथं बी बसून आलास व्हय रं? विजयसिंह इतका हसला की चहा नाकातून आला. तिकीट त्याला. मी निर्णयाचं स्वागत केलं. घरी येऊन बूट माळ्यावर टाकले.

२६ जानेवारी
चौकात मोहिनीचा सत्कार. वीस बाय दहाचा फ्लेक्स. मधोमध ती, खुर्चीत, मेडल दातात धरून. खाली शुभेच्छुक. रांगेत शेवटी मी. अंगद म्हणाला, तुमचा फोटो मोहिनीनंच टाकाय लावला. म्हणली, दादा रोज रस्त्यात भेटायचे, कोणाच्या ना कोणाच्या गाडीवर. खिळा कपाळातच. अंगदला म्हटलं, हे काय? तो म्हणाला, दादा, जागा तुमीच दाखवली व्हती ना.

सत्कार झाल्यावर सटवाने हात धरून आपल्या मेंढरांच्या वाड्यावर नेलं. लई उपकार झाले मालक, म्हणाला. तुमचा फ्लेक्स अंगदकडं पडून व्हता, मागून आणला. लई दणकट. बघा, कोकरांना गार लागत न्हाई आता.

वाड्यावर छप्पर म्हणून मी पसरलेलो. वीस बाय दहा. खिळा एकही नाही, चारी कोपरे सुतळीने बांधलेले. एक कोकरू दगडावरून उडी मारून माझ्या गालावर उभं होतं. सटवा इतका खूश होता की काढ म्हणवलं नाही.

घरी आल्यावर शिवकन्येने विचारलं, तोंड का उतरलं? म्हटलं, कुठं काय, मोठा फोटो लागला. ती खरंच आनंदली. चपला घालून म्हणाली, चला, मला बी दाखवा.

म्हटलं, आज नको. पाय दुखतात.