द्रौपदाचं तुटलेलं नाव

मंगळवार, संध्याकाळ. बारामती.

आज मी ऑफिसातल्या सरांना तोंडावर नाही म्हणाले. ज्या दवाखान्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो, त्याच्या पडद्यावर पेशंटची नावं इंग्रजीत टाकणार नाही म्हणजे नाही.

सकाळी सुप्याच्या एक आजी नंबर येऊनही बसूनच होत्या. मी पडद्याकडं बोट केलं, "आजी, हे तुमचं नाव." त्या म्हणाल्या, "न्हाय बाई. माझं नाव तेवढं मला वाचता येतं. ह्ये माझं न्हाय."

खरंच नव्हतं. अक्षरं दाखवायला आम्ही वापरतो तो तयार कोड, म्हणजे आमची लायब्ररी, प्रत्येक अक्षर सुटं काढते, म्हणून 'द्रौपदा'चं 'द् रौपदा' झालेलं. चूक माझी, आणि मी त्यांनाच शिकवत होते?

सर म्हणाले, "इंग्रजीत टाक, पाच मिनिटांचं काम. एवढं कोण बघतंय?"

आजी बघत होत्या की!

जेवायलाही उठले नाही. आधी जोडाक्षरं जुळवणारा कोड बसवला, मग ती पडद्यावर काढली. पाच वाजता 'द्रौपदा' अखंड उमटलं.

सरांनी मला बाजूला सारून स्वतःचं नाव टाईप केलं. श्रीकृष्ण. 'श्री' आणि 'ष्ण', दोन्ही जोडलेलेच उमटले.

"करू का इंग्रजीत?" मी विचारलं.

"राहू दे," म्हणाले.