दुसऱ्याच्या खिशातली गाडी

३ नोव्हेंबर, गेवराई

जगात न्याय उरलेला नाही, याचा पुरावा आज मिळाला. येताना घाटात एक पाटी सीताफळं घेतली आणि शेजारच्या सीटवर ठेवली, तर गाडी टिंगटिंग करू लागली. सीताफळांनी पट्टा बांधलेला नाही, अशी तिची तक्रार. सहा किलोमीटर दुर्लक्ष केलं. अखेर पाटीला पट्टा आवळला, तेव्हा ती गप्प झाली. बावन्न वर्षांचा व्याकरणतीर्थ भर रस्त्यात फळांना पट्टा बांधतोय, हे गुरुजींनी पाहिलं असतं तर पदवी परत मागितली असती.

बाकी आगमन थाटाचं. वर्तमानपत्राने मला इथला वार्ताहर नेमलंय, वाळूउपशावर लिहायला. सायरा आपांच्या घरी माडीवरची खोली मिळाली. गाडी रामेश्वरने वापरायला दिली. पाठशाळेत आम्ही एका घोंगडीत झोपलो. तो आता खडी क्रशर चालवतो. नव्या गावात पायी फिरणारा वार्ताहर भिक्षेकरी वाटतो, म्हणाला. चाकांखाली लिंबं ठेवून पूजाही त्यानेच केली. गाडीचं ॲप असतं म्हणे. माझा फोन बटणांचा, म्हणून ते त्याच्याच फोनात राहिलं. तू श्लोक सांभाळ, मी ॲप सांभाळतो, असं म्हणून हसला. मागच्या काचेवर त्याने ‘शुभास्ते पन्थानः’ रंगवून घेतलंय, विसर्गासकट. अख्ख्या जिल्ह्यात वाहनावर विसर्ग देणारा हा एकटाच असेल. मला भरून आलं.

७ नोव्हेंबर

आज मेलोच होतो. दिवेलागणीला वळणावर उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दिवा एकही नाही. ब्रेकवर उभाच राहिलो. पायाखाली पेडल थरथरलं, गाडी जराही घसरली नाही, ऊस हातभर अंतरावर थांबला.

इसाक मेकॅनिकच्या गॅरेजवर चहा घेत विचारलं. चाकाचाकाला सेन्सर आहेत, ब्रेक एका सेकंदात कितीदा तरी सुटतो अन् धरतो, ते काम डब्यातला कॉम्प्युटर करतो, असं त्याने समजावलं. वर म्हणाला, गुरुजी, हे तुमच्या पायाला जमलं असतं व्हय? माझी जुनी जीप असती तर आज तुमचा रस निघाला असता.

त्या ट्रॅक्टरनंतर दहा मिनिटांत रामेश्वरचा फोन आला होता. एवढा जोरात ब्रेक कशाला मारलास, जपून चालव, म्हणाला. मी अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. खऱ्या मित्राला आतून कळतं.

११ नोव्हेंबर

भिवराबाईंकडे तिसरी खेप. निवृत्त अंगणवाडी सेविका, नदीकाठी शेतात एकटीचं घर. वाळू भरून जाणाऱ्या प्रत्येक हायवा डंपरचा नंबर आणि वेळ त्या ओट्यावर बसून शाळेच्या वहीत लिहितात. तीन वर्षं झाली. नदी मुकी हाय, कुणीतरी लिवायला पायजे, म्हणतात. त्या वहीवर माझी रविवारची बातमी उभी आहे. तोवर त्यांचं नाव फुटता कामा नये.

पहिल्या दिवशी त्यांनी झापलंच होतं. गाडी कावून दारात आणली, पंडितजी? वरात काढायची व्हती का? तेव्हापासून गाडी शेतभर अलीकडे, बाभळींच्या आड लावतो. आरशात पाहतो. मागे कुणी नसतं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटतं.

१४ नोव्हेंबर

गाडीला वेड लागलंय. भर दुपारी, अंगणात उभी असताना, आपोआप दिवे मिचकावले आणि तीनदा हॉर्न दिला. किल्ली माझ्या खिशात. सायरा आपा म्हणाल्या, इसपे असर हाय, आणि लोबानचा धूर देऊन गेल्या. मी हसलो. यंत्राला आत्मा नसतो, असं ऐटीत सांगितलं.

संध्याकाळी भिवराबाईंचा फोन. एक हायवा दारात येऊन उभा राहिला. चालकाने पाणी मागितलं, प्यायला, आणि अदबीने विचारलं, मावशी, वह्या पुरतात ना? का आणून देऊ?

त्यांचा आवाज कापत नव्हता. माझा कापत होता. तुमी कुणाला बोललात, एवढंच त्यांनी विचारलं. कुणालाच नाही, अशी मी आईची शपथ घेतली. हायवावर नाव काय होतं, विचारलं. नाव न्हाई म्हणाल्या, मागं कायतरी संस्कृत हाय, शुभास्ते, मग पन् का काय, अन् शेवटाला दोन टिंबं.

मी फोन ठेवला. खाली जाऊन गाडीच्या मागच्या काचेवरचा विसर्ग पाहून आलो.

१५ नोव्हेंबर

गाडी इसाककडे दोन तास. त्याने यंत्र लावून तपासलं. बिघाड काही नाही. मग दार लावून घेतलं आणि हळू बोलला.

गाडीत सिमकार्ड आहे. ॲप ज्याच्या फोनात, त्याला सगळं दिसतं. कुठे गेली, कुठे किती मिनिटं थांबली, ब्रेक कधी दाबला. तिथूनच दिवे, हॉर्न, कुलूप. उभी गाडी चालूच होऊ न देणं, तेही. चोर धरायला केलंय हे, गुरुजी. आता चोराच्याच खिशात असलं तर गाडीनं काय करावं?

शेताच्या अलीकडे गाडी लावत होतो. तिथे दुसरं घरच नाही.

रामेश्वरला फोन केला. लपवलं नाही त्याने. अरे, तुझ्या काळजीपोटी बघतो, म्हणाला. मग हसून — त्या बाईकडे तीनदा गेलास, चहा लई चांगला करती का?

बाईचं मी त्याला कधी —

एकच घोंगडी होती आमची. थंडीत तो आपली बाजू माझ्यावर टाकायचा.

१६ नोव्हेंबर, सकाळी १०

ठरलं. ते गाडीकडे बघणार, तर गाडीच दाखवायची. मी ती उलट दिशेला, नदीच्या वरच्या अंगाला नेतो. इसाक भिवराबाईंना वहीसकट जीपमधून घाटनांदूरला पोचवेल, त्यांची भाची राजश्री तिथे असते. जीपमध्ये बॅटरीखेरीज विजेचं काही नाही. तिला चुगली करता येत नाही. अंबाजोगाई मागे पडली की इसाक मला फोन करेल. दोनपर्यंत यावा.

१२.४०

पोचलो. पाणी प्यायला इंजिन बंद केलं. आता चालू होत नाही. पडद्यावर लाल कुलूप.

ठीक. गाडी इथे, म्हणजे त्यांची नजर इथे. हेच हवं होतं.

२.१५

फोन नाही. रस्ता खराब असेल.

२.५०

इसाकला लावला. लागत नाही. पुन्हा. नाही.

३.०५

हॉर्न. आपोआप. थांबत नाही. दिवेही. मी इथे आहे, इथे आहे, असं ओरडतेय नदीभर. दार उघडतं आतून — पण काठावर दोन हायवा येऊन थांबलेत. कुणी उतरत नाही. नुसते थांबलेत.

३.१०

फोन वाजला. इसाक नव्हे.

रामेश्वर. आवाज तोच, घोंगडीतला. म्हणाला, बाईला न्यायला जीप कशाला रे? मला सांगायचंस. मी चांगली गाडी दिली असती.

जीपचं मी बोललो नव्हतो. इसाक सोडून कुणाशीच.

काल दोन तास. गाडी इसाकच्या दारात दोन तास उभी होती. ते दारही मीच त्याला दाखवलं —

हॉर्न चालूच. लिहिता येत नाही नीट.

मला भीती वाटते. लिहून टाकतो, वाटते. पण काळजी माझी नाही. या गाडीत मी सुरक्षित आहे, पट्टा, एअरबॅगचे फुगे, सगळं आहे. काळजी त्या जीपची आहे. तिला पट्टेसुद्धा नाहीत. ब्रेक दाबला की ती घसरते, इसाकच म्हणाला होता. भिवराबाई पुढे बसल्या असतील, वही मांडीवर. घाटात मागून हायवा आला तर —