घरात विष ठेवणार नाही

९ फेब्रुवारी, रविवार

स्वयंपाकघरात ओट्याखाली लेंड्या. माझ्या पिंजऱ्यातल्या तिघींच्या नाहीत. त्यांच्या मी रोज उचलतो, अंधारातही ओळखीन. या जाड, काळपट, आणि फोडून बघितल्या तर आत धान्याचं टरफल. बाहेरचा उंदीर आहे.

बायकोला सांगायचं नाही असं ठरवून झाडू घेतला. वळून बघतो तर ती दारात.

"काय झाडताय?"

"कचरा."

"तुम्ही? आणि झाडू?" म्हणाली, आणि वाकली.

संपलं. एकवीस वर्षं मी लोकांच्या गोदामांतले, बेकऱ्यांतले, हॉटेलांतले उंदीर मारतो. आमच्या फवारणी कंपनीत माझ्याइतका जुना माणूस नाही. आणि आज माझ्या ओट्याखाली! ती हसली असती तर परवडलं असतं. हसली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिनं मुदत दिली. लेक तेवीस तारखेला येतेय, महिन्याची नात घेऊन.

"त्या लेकराला मी खाली दुपट्यावर टाकायचं, आणि तो इकडून तिकडे फिरणार?"

पकडतो म्हटलं.

"बावीसपर्यंत पकडा. नाहीतर तुमच्या तिघीसुद्धा जातील. पिंजऱ्यासकट. त्यांच्या वासानंच आलाय तो."

वासानं — हे मात्र मी ऐकून घेणार नाही. इथे लिहून ठेवतो.

पिंजरा मी स्वतः बांधलाय. तीन मजली, खाली कपाट. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून कमी, कारण उंदराचं डोकं जिथून गेलं तिथून उंदीर गेला. बाकीचं अंग म्हणजे नुसतं पाणी. तळाला जाळी नाही, गुळगुळीत फळी आहे. जाळीवर चालून त्यांचे तळवे सुजतात, फोड येतात. ज्याच्याकडून आणल्या त्या दुकानवाल्याला हे माहीत नाही. त्यानं तर या तिघींना सापाचं खाणं म्हणून ठेवलं होतं. अंथरायला कागदाची कातरणं. लाकडाचा भुसा नाही — त्याचा सुवास आपल्याला गोड लागतो, त्यांची छाती बिघडवतो. झोके बायकोच्या शिलाईतल्या उरलेल्या तुकड्यांचे. (ती म्हणते चोरलेल्या. असू दे.) मुताचा कोपरा रोज पुसतो. ती वाफ साचली की शिंका सुरू होतात, म्हणून गेल्या वर्षी भिंतीतून पाइप काढून छोटा पंखा बसवला. वाफ बाहेर जाते, आणि वाऱ्याचा झोत कुणाच्या अंगावर येत नाही. या घरात माणसांची एवढी बडदास्त कुणी ठेवलेली नाही.

आणि म्हणे वासानं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीत कळलं. कसं कळलं विचारू नये, बायकोचा भाऊ आमच्याच गाडीवर ड्रायव्हर आहे.

"काय मास्तर, घरचं गिऱ्हाईक लागलं म्हणे," हा मेव्हणा सगळ्यांदेखत.

मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे तर आहे, तुझ्यासारखं फुकट जेवायला तरी येत नाही रोज.

त्यावर साहेबांनी बोलावलं. ते हसत नव्हते. "आपल्या माणसाच्या घरात उंदीर, बरं दिसत नाही. दोन पुड्या घेऊन जा. तीन-चार दिवसांत विषय संपेल."

मी नाही म्हटलं. घरात विष ठेवणार नाही.

"लोकांच्या घरात ठेवता की."

ठेवतो. रोज ठेवतो, आणि झोपही चांगली लागते. पण उंदीर आमिष जागेवर बसून खात नाही. दाणा उचलतो, नेऊन लपवतो, वाटेत सांडतो. माझ्या तिघी संध्याकाळी तासभर घरभर मोकळ्या असतात. एक दाणा कपाटामागे राहिला की झालं. साहेब म्हणाले, "मग चार दिवस कोंडून ठेवा त्यांना." हे मोठं सोपं. स्वतःला चार दिवस कोंडून बघा म्हणावं, भिंती चावायला लागाल.

हे शेवटचं वाक्य बोललो नाही. बोलायला हवं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बायको जेवताना — "बाहेर मारायचे आणि घरात पाळायचे. लोक काय म्हणत असतील!"

शेजारी पोपट आहे. तेच शेजारी आठवड्याला दोन कोंबड्या खातात. त्यांना विचारा म्हटलं.

"ते पोपटाशी बोलतात तरी. तुम्ही तर उंदरांपुढे पेपर वाचता."

वाचतो. आवाजाची सवय होते त्यांना. मुकादम तर माझ्या खांद्यावर बसून दात कुरकुर घासते — ती खूष असली की तसं करते, डोळे लकाकतात. मुकादम म्हणजे थोरली. दुसऱ्या दोघींवर देखरेख ठेवते म्हणून ते नाव. मधली कापशी. धाकटी टिंबी, तिच्या पाठीवर एकच काळा ठिपका.

आज कापशीच्या नाकाशी लाल लागलं होतं. बायको दचकली, रक्त म्हणाली. रक्त नाही. त्यांच्या डोळ्यांतून तसं लाल पाणी येतं, जीव ताणाखाली असला की जास्त. बाहेरच्याचा वास लागतोय त्यांना. बाहेरचा पिंजऱ्यापर्यंत पोचला, गजांतून नाकाला नाक लावलं, तर काय रोग देईल सांगता येत नाही. तेव्हा या घरात त्याला पकडायची घाई सगळ्यात जास्त मला आहे. हे कुणी लक्षातच घेत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापळा मांडून आज चौथा दिवस. खटका लावलेला नाही. बायकोला वाटतं मी विसरलो.

"अहो, तो आत जाऊन खाऊन बाहेर येतोय."

येऊ दे. नवी वस्तू दिसली की उंदराचा तिच्यावर आठवडाभर भरवसा बसत नाही. ती जुनी व्हावी लागते. मग एक दिवस खटका. हे मला कुणी शिकवलेलं नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं उंदरांकडून शिकलो.

"म्हणजे तोवर आपण त्याला जेवू घालायचं?"

हो.

"छान. माझ्या भावाला नावं ठेवता."

मी उठून सापळ्यात आणखी दोन शेंगदाणे टाकले.

१६ फेब्रुवारी, रविवार

खटका लावला. शेंगदाण्याचा गोळा, वर गुळाचा खडा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सापळा रिकामा. गोळा जसाच्या तसा. शेजारच्या डब्याचं झाकण मात्र कुरतडलेलं. म्हणजे परवापर्यंत फुकट होतं तेव्हा खाल्लं आणि आज किंमत लावली तर नको! हुशार आहे. एकवीस वर्षांत असे तीन-चारच भेटले. तेही सुटले नाहीत.

लेकीचा फोन. "बाबा, खरंच उंदीर आहे का, की आई मला घाबरवतेय?"

आहे म्हटलं. पण बावीसनंतर नसेल.

"आणि नसला गेला तर? तुमच्या पोरी कुठं जाणार?"

कुठंही जाणार नाहीत. पाहिजे तर मी जातो त्यांच्याबरोबर. ती हसली. मी हसलो नाही. तिच्या सासऱ्यांची गॅलरी मोठी आहे का, एवढं मात्र विचारून घेतलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रात्री निजताना जमिनीवर पीठ भुरभुरवलं. सकाळी पावलं बघितली. ओट्यापासून निघून भिंतीच्या कडेकडेनं सरळ पिंजऱ्याखालच्या कपाटामागे. येतानाची आणि जातानाची.

म्हणजे बायको बरोबर होती? वासानंच? दिवसभर डोकं भणभणलं. दाराची फट मी बुजवलेली, मोरीला जाळी, खिडकीला जाळी. कपाटामागे नुसती भिंत.

संध्याकाळी मेव्हणा आला. जेवायलाच. हात धुवायच्या आधी गुडघ्यावर बसला आणि कपाटामागे टॉर्च मारली.

"मास्तर, हा पाइप तुम्ही काढलाय ना?"

हो म्हटलं. हवेसाठी.

"बाहेरच्या तोंडाला जाळी कसली बसवलीय?"

प्लास्टिकची.

तो उठला, हात धुतले, पाटावर बसला. बायको वाढायला लागली. भाताचा पहिला घास घेताना त्याचे खांदे हलायला लागले, मग तिचेही. दोघं भाऊबहीण डोळे पुसेपर्यंत हसली.

गिऱ्हाइकाच्या घरात मी प्लास्टिकची जाळी बघितली तर त्याला काय काय ऐकवतो ते या दोघांना ठाऊक आहे. मेव्हणा दर वेळी गाडीत त्याची नक्कल करतो.

पाइपची जागा बरोबर होती. उंची बरोबर होती. पंखा बरोबर होता. जाळी चुकली. एवढंच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पाइपचं भोक बुजवायचं होतं, नाही बुजवलं. सकाळी पावलं फक्त आत येतानाची. म्हणजे तो घरात. आत असताना भोक बुजवणं म्हणजे त्याला कायमचा पाहुणा करून ठेवणं. नवशिके हीच चूक करतात.

"उद्या बावीस," बायको.

मला तारखा कळतात.

तिनं पलंगाखालची एक पेटी रिकामी करून बाहेर ओढून ठेवली. पिंजऱ्याचं सामान भरायला. मी ती पेटी परत पलंगाखाली ढकलली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जमलं!

पहाटे उठून बघितलं — पिठावर बाहेर जाणारी ताजी पावलं, परतीची नाहीत. लगेच पंखा काढला, पाइपमध्ये तारेची घासणी ठोसून भरली, वर सिमेंट. मागच्या बोळात जाऊन बाहेरच्या तोंडालाही सिमेंट, आणि तिथेच सापळा टेकवून ठेवला. पंख्याला दुसरी वाट उद्या काढीन. लोखंडी जाळीची.

बायकोला उठवून सांगितलं. तिनं जाऊन बघितलं, सिमेंट बोटानं दाबलं.

"बाहेर आहे ना नक्की?"

नक्की.

"मग राहू देत तुमच्या तिघी." आणि वर — "पण बाळ असेपर्यंत खांद्यावर घेऊन फिरायचं नाही."

बघू म्हटलं. मुदतीच्या दिवशी काम केलंय, अटी मी ठरवीन.

संध्याकाळी —

एक गोष्ट पटत नाही. तो गेला नाही. दुपारी, भर उन्हात, बोळात येऊन सिमेंट खरवडत होता. मी दोनदा हाकलला, दोनदा परत आला. वाट बुजली की उंदीर दुसरं दार बघतो, हा नियम आहे. शेजारी तर भोकंच भोकं आहेत, पोपटाचं खाणं सांडलेलं असतं. आणि दिवसा? माणसाच्या पायाशी? याच्या जिवाला किंमतच नाही जणू.

इकडे मुकादमही विचित्र वागतेय. पिंजऱ्याच्या तळाला नाक लावून बसलीय, काकडी दिली तरी उठेना.

मरू दे. बाहेर आहे, हे खरं. उद्या नात येणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

सापडला. गुळाला तोंडसुद्धा लावलेलं नाही. सापळ्याच्या जाळीतून पंजा काढून सिमेंटच खरवडत होता. आत आणला आणि बायकोपुढे ठेवला. बघ म्हटलं.

ती वाकली. "हा कसला? ही आहे. पोट बघा."

थानं भरलेली. भोवतीचे केस चोखून चोखून गेलेले. मी नखं बघितली होती, शेपूट बघितली होती, पोट नाही बघितलं.

तिघींना टोपलीत घालून न्हाणीघरात ठेवलं, दार लावलं. मग सापळा उघडला. उंदीर आत असताना सापळा मी आजवर कधी उघडलेला नाही. ती दाराकडे गेली नाही. सरळ कपाटाखाली.

कपाट ओढलं. माझ्याच कातरणांत, कोरड्या उबेत, सात पिल्लं. गुलाबी. हलत होती सगळी. आमच्यादेखत ती त्यांच्यावर आडवी पडली.

लेकीची गाडी दहाला होती. मी बायकोकडे बघितलं नाही. तिनं फोन लावला.

"आज निघू नकोस गं," म्हणाली. "घरात आधीच एक बाळंतीण आहे."

आणि फोन माझ्या हातात दिला.