मेतोदीने लावलेले दिवे

१२ जानेवारी
आजपासून घराचं आधुनिकीकरण. आमच्या इमारतीत हे अजून कोणी केलेलं नाही. तशीही निम्मी इमारत अंधारातच असते. आमच्या विदिन शहरातले लोक कामासाठी इटलीला गेलेत, स्पेनला गेलेत, घरांना कुलपं आहेत.

माझी बायको रुम्यानाही इटलीतच आहे. मोदेनाला एका म्हातारीचं सगळं करते. एका हिवाळ्यापुरती गेली होती. काम लांबलं, आता तिसरा हिवाळा चालू आहे. जाताना म्हणाली होती, "या घरात दिवसासुद्धा अंधार असतो." तक्रार रास्त होती. मी पंपाच्या कारखान्यात तपासणी खात्यात जन्म काढला. दोष कळला की काढून टाकायचा, संपलं. ईस्टरला ती येईल तेव्हा घर तयार पाहिजे.

आज वाटलं काही नाही. पण कामाला लागलो.

१५ जानेवारी
जुने पिवळे बल्ब काढले, सगळीकडे एलईडी लावले. दुकानात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लख्ख होते तेच घेतले. खोक्यावर लिहिलं होतं, दिवसाच्या प्रकाशासारखा. भिंतीवरचे डाग इतकी वर्षं दिसत नव्हते, ते आता दिसतात. म्हणजे बल्ब चांगले आहेत.

डाग नंतर बघू.

१६ जानेवारी
समोरच्या इमारतीतली पेंकाआजी आली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खिडकीसमोर. दारातच थांबली. म्हणाली, "मेतोदी, हे स्वयंपाकघर आहे का शवागार?"

जुन्या पिढीला विज्ञान समजावणं अवघड. मी तिला विजेची बचत समजावली. तिने ऐकलं असावं. जाताना म्हणाली, चांगले दिवे लावलेस. हे कौतुक समजून लिहून ठेवतो.

२ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात सेन्सरवाला दिवा बसवला. माणूस आला की लागतो, गेला की विझतो. रुम्याना मला नेहमी म्हणायची, तू दिवा चालू ठेवून उठून जातोस. आता तो प्रश्न कायमचा मिटला.

संध्याकाळी घेवड्याचं सूप घेऊन टेबलाशी बसलो. दिवा विझला. मी तिथेच होतो.

३ फेब्रुवारी
माहितीपत्रक वाचलं. हालचाल झाली नाही तर घरात कोणी नाही असं सेन्सर धरून चालतो. म्हणजे दोष सेन्सरचा नाही. मी फार स्थिर बसतो.

संकल्प: जेवताना अधूनमधून डावा हात वर करून हलवायचा. व्यायामही होईल.

१० फेब्रुवारी
हात हलवायची पद्धत उत्तम चालली आहे. फक्त खांदा धरलाय.

आज जेवत असताना दार धडधड वाजलं. पेंकाआजी, अंगावर घरातलाच झगा, पायात सपाता, हातात टोपभर कोबी. धापा टाकत होती. गेला आठवडाभर तिला मी खिडकीतून हात करताना दिसत होतो. पहिले दोनतीन दिवस तिनेही उलट हात केला. मग तिला वाटलं, हा मदत मागतोय.

मी म्हणालो, सगळं व्यवस्थित आहे, दिव्यासाठी करावं लागतं.

ती खुर्चीवर बसली. मग विचारलं, रुम्यानाचा फोन येतो का? मी म्हणालो, तिला कामातून सवड नसते, म्हणून मी लॅपटॉप घेणार आहे. ती म्हणाली, "सवड तिला नाहीये ना? मग लॅपटॉप तू कशाला घेतोस?" तिला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

कोबी चांगली होती.

१९ फेब्रुवारी
लॅपटॉप आला. एका जर्मन कार्यालयाने वापरून काढलेला, पण नव्यासारखा. कळांवर जर्मन अक्षरं. आपल्या अक्षरांचे स्टिकर वेगळे मिळाले. दुपारभर बसून चिकटवले. बोटं जाड असल्याने काही इकडचे तिकडे झाले असतील. हळूहळू सवय होईल.

रुम्यानाला पहिला संदेश पाठवला. त्यात लिहिलं: घर उजळलं आहे, तू बघच.

२० फेब्रुवारी
तिचं उत्तर आलं. विचारलंय, मेतोदी, तब्येत बरी आहे ना? तू काय लिहिलंयस ते कळत नाही.

काळजी आहे तिला. ते महत्त्वाचं.

१ मार्च
मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधायचा दिवस. रुम्याना बांधायची. पेंकाआजी एक देऊन गेली. एका हाताने दुसऱ्या हाताला गाठ मारता येत नाही, म्हणून लॅपटॉपच्या बिजागरीला बांधला. शोभून दिसतो.

८ मार्च
आज बायकांचा दिवस, म्हणून रुम्यानाला व्हिडिओ कॉल केला. आधी सगळी मांडणी केली. लॅपटॉप पावाच्या डब्यावर, मागे नवे दिवे दिसतील असा. सदरा इस्त्रीचा.

ती दिसली. केस कापलेत. एवढासा आखूड बॉब. मी म्हणालो, चित्र स्पष्ट येतंय. ती म्हणाली, तू असा पांढराफटक का दिसतोस? मी सांगितलं, दिवसाचा प्रकाश आहे. मग लॅपटॉप उचलून सगळं घर दाखवलं. न्हाणीघर दाखवलं, कपाटाच्या आतला दिवा दाखवला. ती मध्ये मध्ये हं म्हणत होती. माझं झाल्यावर म्हणाली, आता मला बेकरीत जायला उशीर होतोय.

मी विचारलं, बेकरीत काय? म्हातारीला पाव हवाय का?

ती म्हणाली, "मेतोदी, म्हातारी पानगळीतच गेली. मी तुला सांगितलं होतं. बेकरीत काम करते मी आता."

सांगितलं असेल. तेव्हा मी घराच्या वायरिंगच्या विचारात असणार.

पुढे विचारायला हवं होतं की म्हातारी नाही, तर तिकडे कशासाठी. पण नेटवर्क कमजोर वाटलं. खरं म्हणजे ठीक होतं. मीच लॅपटॉपचं झाकण बंद केलं.

ईस्टरला येणार का हे विचारायचं राहिलं. नंतर तिनेच लिहिलं, येते. मी आधीच म्हणत होतो.

२१ मार्च
वसंत. काही विशेष नाही. खांदा दुखतोय. आता उजवा हात हलवतो.

३० मार्च
शेवटचं मोठं काम: बॉयलरला स्मार्ट प्लग. फोनवरून वेळ लावून ठेवायची, तेवढ्यापुरतंच पाणी तापतं. बाजारात होता त्यातला परवडणारा घेतला. रुम्यानाला प्रवासातून आल्या आल्या अंघोळ लागते. माझ्या लक्षात आहे. मला काही लक्षात राहत नाही असं ती उगाच म्हणते.

६ एप्रिल
प्लग स्वतःला चीनमध्ये समजतो. पाणी भलत्याच वेळी तापतं, आणि मला अंघोळ करायची असते तेव्हा थंडगार असतं. घड्याळ बदलायचा पर्याय सापडला नाही. तिच्या येण्याच्या वेळेचा हिशेब मांडून बरोबर आकडा लावला आहे. चूक व्हायची शक्यता नाही.

११ एप्रिल, शनिवार
रुम्याना दुपारच्या बसने आली. मी थांब्यावर गेलो होतो. हातात एक रिकामी मोठी बॅग. चटकन उचलली गेली, म्हणून मी म्हणालो, वा, हलकी आणलीस.

घर बघितलं तिने. डोळे बारीक करून बघितलं. मग अंघोळीला गेली.

न्हाणीघरातून जळका वास आला. प्लग भिंतीवरच वितळला होता, मेणासारखा. पाणी गार. तिने तसंच डोकं धुतलं. शेजारचा वायरमन येऊन बॉयलर बघून गेला. म्हणाला, एवढ्या मोठ्या बॉयलरला असला स्वस्त प्लग लावतात का? बॉयलर आतून गंजलेलाच होता, पण आता पार गेला.

रुम्याना डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात येऊन बसली. मी चहा केला, समोर बसलो. आम्ही दोघंही काही हललो नाही. दिवा विझला.

मी सांगणार होतो, हात हलव म्हणजे लागेल. त्याआधी तीच बोलली.

"मी राहायला आलेले नाही, मेतोदी. उरलेले कपडे न्यायला आले. तुला माहीत होतं ना?"

मी म्हणालो, दिवे आवडले नाहीत का?

ती म्हणाली, "दिवे चांगले आहेत रे."

मग मी विचारलं, तिकडे खोलीत बल्ब कुठला आहे. ती म्हणाली माहीत नाही, लागतो एवढं बघते. मग म्हणाली, तीन वर्षांत तू मला काय काय विचारलंस बघ. मी आठवायला लागलो. हवामान विचारलं होतं. व्होल्टेज किती असतं ते विचारलं होतं.

अंधारात तिचा श्वास ऐकू येत होता. ती रडत नव्हती. मीही नाही. हात कोणीच हलवला नाही. चहा गार झाला.

१२ एप्रिल, ईस्टर
रिवाजाप्रमाणे लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटली; ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं जातं. माझं फुटलं. पेंकाआजीने गोड पाव पाठवला होता, तो दोघांनी खाल्ला. रुम्याना म्हणाली, पाव छान भाजलाय. बेकरीत असल्याने आता तिला कळतं.

बॅग भरली तिने. कपाटातल्या दिव्याचा उपयोग झाला.

१३ एप्रिल
बसपर्यंत सोडलं. बॅग जड होती, मी उचलली. बस सुटायच्या आधी तिने माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली. म्हणाली, गरम पाण्याची सोय कर आधी.

मी हो म्हणालो. आणखी काहीतरी म्हणायचं होतं. बस गेली.

वाटलं काही नाही. पाय मात्र बराच वेळ तिथेच होते.

१६ एप्रिल
बॉयलर आणायला गेलो. कमी वीज खाणारे नवीन प्रकार आलेत. दुकानातली बाई भली होती. मी तिला नळाचा दाब सांगितला, जागेची मापं सांगितली, तपासणी खात्यात होतो तेही सांगितलं. ती म्हणाली, ते सगळं असू दे, "घरात माणसं किती?"

मी म्हणालो, दोन.

तिने भिंतीवरचा मोठा दाखवला. छान होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. तिने विचारलं, घरपोच पाठवू का? तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं.

मग मी म्हणालो, एक. माणूस एक.

तिने खालच्या फळीवरून छोटा काढला. एका माणसाला भरपूर होतो म्हणाली. घरपोच पाठवायची गरज पडली नाही. बसमध्ये मांडीवर मावला.